मारुतीचा अर्धा आणा

१८१८ साली ईस्ट इंडिया कंपनीने पेशवाई बुडवली, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच वर्षी कंपनीने मारुतीची छाप असलेलं अर्ध्या आण्याचं नाणं पाडलं, हे मात्र कुणी शिकवत नाही. न शिकवण्याचं कारण साधं आहे. कंपनीने ते पाडलंच नाही.

पण पाडलं नाही म्हणून नाणं अडून राहत नाही. ते आहे आणि ढिगाने आहे. एका बाजूला द्रोणागिरी तळहातावर घेऊन उड्डाण केलेले मारुतराय, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', अर्धा आणा आणि १८१८. कुणाच्या देवघरात आहे, कुणाच्या गल्ल्यात आहे, कुणी भोक पाडून गळ्यात घातलंय. खऱ्या कंपनीची खरी नाणी मुद्दाम शोधावी लागतात. हे नाणं माणसाला आपण होऊन शोधत येतं.

जरा कल्पना करा. बाजीरावसाहेब माल्कमच्या स्वाधीन झालेत. एल्फिन्स्टनसाहेब पेशव्यांच्या मुलखाची व्यवस्था लावण्यात बुडालेत. जमाबंदी, इनामं, दक्षिणा, सगळा घोळ समोर पसरलेला. आणि अशात साहेब एकदम लेखणी खाली ठेवून म्हणतात, "बाकी राहू द्या, आधी मारुतीचं एक नाणं काढू." हे ज्याला पटतं तो नाण्यावर विश्वास ठेवतो. ज्याला पटत नाही, तोही नाणं हातात आल्यावर एकदा उलटंपालटं करून पाहतोच.

नाण्यांच्या अभ्यासकांनी या जातीला 'फँटसी' असं नाव ठेवलंय. बनावट नाणं आणि फँटसी नाणं यांत फरक आहे. बनावट नाण्याला निदान एक खरा जन्मदाता असतो, ज्याची ते नक्कल करतं. फँटसी नाण्याला आगापिछा काहीच नसतो. जे कधी नव्हतंच, त्याची ही नक्कल. बनावटगिरी करणाऱ्याला इतिहास ठाऊक असावा लागतो. फँटसीवाल्याला गिऱ्हाईक ठाऊक असलं की पुरतं.

आमच्या शेजारच्या काकांकडे असा एक अर्धा आणा आहे. लाल फडक्यात गुंडाळलेला, फडकं डबीत, डबी कपाटात, किल्ली काकूंकडे, आणि काकू बहुधा भजनाला. एकदा योग जुळून आला आणि त्यांनी तो दाखवला. भिंग मीच नेलं होतं. मारुतीच्या शेपटीचा झोक झकास होता, पर्वतावरची झाडं वेगवेगळी मोजता येत होती. अक्षरं मात्र साबणावर कोरल्यासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे, आणि कडेवरून नख फिरवलं की गोल फिरत जाणारी एक शिवण लागत होती. दोन साच्यांमध्ये धातू ओतला की जोडावर अशी शिवण राहते. ठसा मारून पाडलेल्या नाण्याला ती नसते.

"काका, यावर टांकसाळीची खूण दिसत नाही," मी म्हटलं.

आपल्या आजच्या नाण्यांवर वर्षाच्या खाली बारीक खूण असते. मुंबईच्या टांकसाळीची चौकटच्या पत्त्यासारखी, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. काकांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"खूण नाही म्हणजे कोलकाता," काका शांतपणे म्हणाले.

यावर काय बोलणार? पुरावा नसणं हाच ज्याचा पुरावा, त्याच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

या घराण्यात अर्धा आणा एकटा नाही. एक आणा आहे, दोन आणे आहेत. दोन आण्यांचं तांब्याचं नाणं कंपनीने कधीच काढलं नाही, काढलं ते चांदीचं, पण आपल्याला काय त्याचं? रामदरबार आहे, लक्ष्मी आहे, गणपती आहे, कृष्ण आहे, नुसतं कमळ आहे, नुसता ॐ आहे. ज्याची जशी उपासना, तशी कंपनीने सोय करून ठेवलेली. काहींवर आण्याच्या आधी 'यूकेएल' अशी तीन अक्षरं असतात. त्यांचा अर्थ आजवर कुणाला लागलेला नाही. माझा आपला अंदाज, युनायटेड किंगडम लिमिटेड. कंपनीच ती, लिमिटेड असायला हरकत नाही.

आणि सालं! या नाण्यांवरची सालं ही स्वतंत्र मेजवानी आहे. १६१६, १७१७, १८१८. वर्षसुद्धा लक्षात राहायला सोपं असावं, याची कारागिराने किती काळजी घेतलीय बघा. आता १६१६ मध्ये कंपनीची परिस्थिती काय होती? इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारात तिष्ठत उभा होता. व्यापाराला सवलती द्या, एवढंच मागणं, आणि बादशहा आज शिकारीला, उद्या आणखी कुठे. ज्या कंपनीला धड वखार थाटायची पंचाईत, ती मोगलांच्या नाकावर टिच्चून रामदरबाराचं नाणं पाडते! बरं, १७१७ मध्ये खरंच एक गोष्ट घडली. बादशहा फर्रुखसियरने कंपनीला मुंबईत रुपये पाडायची परवानगी दिली, पण बादशहाच्या नावाने. म्हणजे छाप त्याची आणि खर्च यांचा. त्या रुपयांवर फारसी मजकूर आहे. मारुती कुठेही नाही, भिंग घेऊन पाहिलं तरी.

हे सगळं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण पन्नास लाखांना मागितलंय."

कुणी मागितलंय, हे कधीच स्पष्ट होत नाही. पन्नास लाख देणारा माणूस नेहमी 'एक पार्टी' असतो. ती पार्टी आधी बेळगावला असते, मग हैदराबादला जाते, मग तिचा फोन लागत नाही. पण तिने आकडा सांगितलेला असतो, आणि एकदा आकडा कानावर पडला की नाणं लाल फडक्यात जातं. त्याआधी ते हळदीकुंकवाच्या तबकात असतं.

पार्टी कधीकधी स्वतःच फोन करते, आणि मग मात्र प्रकरण महागात पडतं. "तुमच्या नाण्याचे पंचवीस लाख मंजूर झालेत, फक्त नोंदणीचे दोन हजार आणि कराचे पाच हजार आधी भरा." यात रिझर्व्ह बँकेचं नाव घातलं की गिऱ्हाईक पाघळतं. शेवटी २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, की बाबांनो, आम्ही जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या भानगडीत पडत नाही, त्यासाठी कुणाकडून शुल्क घेत नाही आणि आमच्या वतीने घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही. हा फोन येण्यासाठी नाणं कल्पनेतलंच असावं लागतं असंही नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच आणि दहा रुपयांचं नाणं सरकारने २०१२ मध्ये काढलं, रीतसर. त्याचेही लाखो रुपये मिळतात, अशी हवा आहे. तेव्हा सुट्या पैशांत आलेलं पाचाचं नाणं आज कितीतरी घरांत सोन्याच्या अंगठीशेजारी झोपलेलं आहे, आणि भाजीवाल्याकडे पाच रुपये सुटे नाहीत.

या धंद्याची सगळ्यात रंगतदार शाखा म्हणजे 'राइस पुलर'. नाणं तांदूळ ओढतं! कथा अशी, की या नाण्यावर वीज पडली, त्यामुळे त्यातल्या तांब्याचं काहीतरी होऊन त्यात इरिडियम शिरलं, आणि आता ते अंतराळ संशोधनासाठी नासाला हवंय. सोबत प्रात्यक्षिक. ताटात तांदूळ पसरायचे, नाणं जवळ न्यायचं, दाणे सरसर नाण्याकडे धावतात. दाण्यांत आधीच लोह बसवलेलं असतं आणि नाण्याखाली चुंबक, एवढंच. पण पाहणारा दाण्यांकडे पाहतो, ताटाखाली पाहत नाही. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका बाप-लेकांना पकडलं. त्यांनी एका व्यापाऱ्याला असल्याच वस्तूपायी कोटभराहून जास्त रुपयांना बुडवलं होतं, आणि किरणोत्सर्गापासून बचाव म्हणून अंतराळवीरासारखे पोशाख घालून चाचणीचा देखावा केला होता. मला व्यापाऱ्याचं दुःख कळतं. पण एक प्रश्न राहून राहून पडतो. नासाला तांदूळ ओढायचे कशाला आहेत? आणि ओढायचेच असतील तर कुठले, आंबेमोहोर की इंद्रायणी? एवढा एक प्रश्न घरातल्या बाईला विचारू दिला असता, तर व्यवहार तिथेच मोडला असता.

आता अभ्यासकांची बाजू. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची एक नामांकित संशोधन संस्था आहे, १९८० मध्ये स्थापन झालेली, संग्रहालयासह. अंजनेरी हे मारुतीचं जन्मस्थान, ही तिथली श्रद्धा. म्हणजे मारुतीच्या नाण्याला 'हे नाणंच नव्हे' म्हणून सांगणारी माणसं थेट मारुतीच्या माहेरी बसलेली आहेत. माझ्या ओळखीचे एक अभ्यासक आहेत, अत्यंत सौम्य. कुणी लाल फडकं सोडायला लागलं की ते डोळे मिटतात. "पाहायची गरज नाही," म्हणतात, "फडकं लाल आहे ना? मग मारुतीच असणार."

पण याच अभ्यासकांना चहा पाजून बोलतं केलं, तर ते हळूच एक गोष्ट कबूल करतात. देवांची छाप असलेली नाणी कंपनीने खरोखरच पाडली होती. मारुतीची नव्हे, विष्णूची. दक्षिणेत सोन्याचा होन चालायचा, साहेब त्याला पॅगोडा म्हणत. मद्रासकडचा व्यापारी देवाची मूर्ती नसलेला होन हातात धरायला तयार नसे. तेव्हा कंपनीने मुकाट्याने मूर्ती कोरली. एका प्रकारात तर विष्णू आणि दोन्ही बाजूंना दोन देवी, म्हणून त्याचं नाव 'थ्री स्वामी पॅगोडा'. धर्मप्रचाराचा प्रश्न कंपनीच्या संचालकांना वेळोवेळी छळत असे, पण हिशेबाच्या वहीत तो कधी आडवा आला नाही. आणि कंपनीच्याही आधी अकबराने, कारकिर्दीच्या शेवटी शेवटी, धनुर्धारी राम आणि मागे सीता अशी नाणी काढली, वर नागरीत 'राम सीय'. ती आज जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. थोडक्यात, आपल्या कारागिराने कल्पना हवेतून काढली नाही. फक्त देव बदलला, साल बदललं, धातू बदलला आणि सरकार बदललं.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ पासून तांब्याची नाणी बर्मिंगहॅमहून, वाफेच्या यंत्रांवर पाडून आणली. अस्सल नाणी, कागदपत्रांसह. त्यांच्या एका बाजूला तराजू आहे आणि पारड्यांच्या मध्ये फारसीत एक शब्द: 'अदल', म्हणजे न्याय. ईस्ट इंडिया कंपनी आणि न्याय! आता तुम्हीच सांगा, दोन्ही नाणी शेजारी ठेवली तर कल्पनारम्य कोणतं?

मला वाटतं, नाणं खरं असो की खोटं, पाडणारा त्यावर जे घडलं ते लिहीत नाही. जे घडलं असं लोकांनी मानावं, ते लिहितो. कंपनीला वाटत होतं लोकांनी तिला न्यायी मानावं. मारुतीवाल्या कारागिराच्या गिऱ्हाइकाला वाटतं, साहेबसुद्धा शेवटी आपल्या देवापुढे वाकला असावा. दोघांचीही इच्छा पुरी होण्यासारखी नव्हती, म्हणून दोघांनीही ती धातूवर उठवून घेतली.

तारखांच्या बाबतीत तर सरकारी टांकसाळींनी बोलूच नये. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल असतं. ते सगळे रुपये १८६२ मध्येच पाडले असतील असं वाटेल, तर नाही. तोच आकडा ठेवून १८७४ पर्यंत पाडत राहिले. बारा वर्षं साल बदलायचं कुणाला सुचलं नाही. आणि ती परंपरा आपले सराफ अजून पाळताहेत. राणी १९०१ मध्ये वारली, पण दर दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी कोरे करकरीत, चकचकीत राणीछाप रुपये नव्याने बाजारात येतात. लक्ष्मीच्या पुढ्यात व्हिक्टोरिया, आणि दोघींनाही हळदकुंकू. घरातल्या कुणालाही यात वावगं वाटत नाही. मलाही नाही.

याहून मोठा विक्रम ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा. ती १७८० मध्ये वारली. तिच्या चांदीच्या थालरवर तेच साल कायम ठेवून तो पुढे दीडशेच्या वर वर्षं पाडला जात राहिला, कारण अरबस्तान आणि इथियोपियातले व्यापारी दुसरं नाणंच ओळखत नव्हते. आणि तो कुणी कुणी पाडला? व्हिएन्नाने, लंडनने, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही! ऑस्ट्रियाची मेलेली राणी, साल १७८०, पाडणार फोर्टात, चालणार एडनपलीकडे. आणि म्हणे १८१८ चा मारुती खोटा.

बाहेर देशांतही हौशी माणसं काही कमी नाहीत. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ लंडी नावाचं एक इवलंसं बेट आहे. मार्टिन कोल्स हार्मन नावाच्या धनिकाने ते १९२५ मध्ये विकत घेतलं. बेट आपलं म्हटल्यावर राज्य आपलं, राज्य आपलं म्हटल्यावर नाणं आपलं. १९२९ मध्ये त्याने 'पफिन' आणि 'अर्धा पफिन' अशी नाणी पाडून घेतली. एका बाजूला पफिन हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी, दुसऱ्या बाजूला स्वतः हार्मन. सरकारने खटला भरला आणि पाच पौंड दंड केला. जिथे एका पफिनची किंमत एक पेनी, तिथे पाच पौंड म्हणजे बाराशे पफिन. आज संग्राहक तीच नाणी मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी घेतात, कायद्याने हरलेला माणूस बाजारात जिंकतो तो असा.

पॅसिफिक महासागरात निउए नावाचा देश आहे. वस्ती दोन हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाएवढी. या देशाने २०११ मध्ये 'स्टार वॉर्स'ची नाणी काढली. एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला डार्थ वेडर. कायदेशीर चलन! कंपनी एका बाजूला आणि मारुती दुसऱ्या बाजूला म्हटल्यावर आम्हाला हसणाऱ्यांनी हे नाणं जरूर पाहावं. न्यूझीलंडने तर २००३ मध्येच 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची नाणी काढली होती. आणि अमेरिकेत आर्कान्सा राज्यात शायर पोस्ट मिंट नावाची एक छोटी खासगी टांकसाळ आहे. तिचं कामच मुळी कादंबऱ्यांतल्या राज्यांची नाणी पाडणं, लेखकांकडून रीतसर परवाना घेऊन. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या राजांची नाणी तिथे मिळतात. त्या राजांचा खून कोणत्या भागात झाला ते सगळ्यांना ठाऊक, तरी नाणी खपतात. उलट खून झालेल्यांची जास्त खपत असावीत.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीने वाढदिवसाला हॅरी पॉटरच्या जगातली नाणी मागवली. तिथला हिशेब असा, की एकोणतीस नटांचा एक सिकल आणि सतरा सिकलांचा एक गॅलियन. म्हणजे एका गॅलियनचे ४९३ नट. हे तिने मोठ्या कौतुकाने आजीला समजावून सांगितलं. आजी पावकी-निमकी-दिडकी पाठ असलेल्या पिढीतली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येण्याआधी तीन पैंचा पैसा, चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया हा हिशेब तिने रोज वाण्याकडे केलेला. तिने क्षणभर डोळे बारीक केले.

"अगं, सतराला कशाने भाग जातो?"

"कशानेच नाही."

"आणि एकोणतीसला?"

"त्यालाही नाही."

"मग पाव गॅलियनचं लोणी मागितलं तर?"

नात गप्प. आजी म्हणाली, "हे वाण्याने केलेलं गणित आहे. सुटे परत द्यायला नकोत म्हणून."

हॅरी पॉटरवर आजवर झालेल्या समीक्षेत इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

संग्रह करता करता माणसाला स्वतःच नाणं पाडायची हुक्की येते, तो या छंदाचा शेवटचा टप्पा. आणि आता ते अवघड राहिलेलं नाही. संगणकावर चित्र काढा, यंत्राकडून पोलादाचा ठसा कोरून घ्या, पितळेच्या पत्र्यातून गोल चकत्या काढा, प्रेसखाली एकेक चकती ठेवा, दणका द्या. नाणं तयार. पूर्वी ठसा हाताने कोरत. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणजे उमटताना सुलट येतं. इंग्रजी न वाचणाऱ्या कारागिराला इंग्रजी उलटं कोरायला सांगितलं की 'यूकेएल' कुठून आलं असेल, याचा थोडा उलगडा होतो. नाणं पाडून झालं की ते म्हातारं करायचं काम असतं, आणि तेच खरं कौशल्य. आम्लात बुडवणं, मिठाच्या पाण्यात ठेवणं, ओल्या मातीत पुरणं. आपल्याकडे बायका दिवाळीआधी पितळ्या-समया चिंचेने घासून लख्ख करतात, आणि त्याच सुमारास कुठेतरी कुणीतरी लख्ख पितळ मेहनतीने कळकवत बसलेला असतो.

सरळमार्गी हौशी लोकही आहेत. कुणी लग्नात वधूवरांच्या चेहऱ्यांची चांदीची नाणी वाटतं, कुणी वडिलांच्या पंच्याहत्तरीला वडिलांची छाप काढतं. अशा नाण्यावर वडील हमखास अकबरासारखे दिसतात आणि खुश असतात. एवढं मात्र लक्षात ठेवा, नाणं हौसेपुरतंच राहू द्या. पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचे तुकडे पाडायला सरकारने १८८९ मध्येच खास कायदा करून बंदी घातली. तो कायदा २०११ च्या नाणे कायद्यात विलीन झाला, बंदी तशीच राहिली. त्यामागे अनुभव आहे. सन १३३० च्या सुमारास महंमद तुघलकाने चांदीच्या टंक्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी चालवली आणि ती चांदीच्याच भावाने घ्या म्हणून फर्मावलं. रयतेने आज्ञा शिरसावंद्य मानली. घरोघरी टांकसाळी निघाल्या. शेवटी सुलतानाला खजिन्यातून खरी चांदी मोजून ती सगळी परत घ्यावी लागली. आपल्या देशात घरगुती उद्योगाला मिळालेलं ते पहिलं भरघोस सरकारी अनुदान.

सरकारचंही मन या हौसेतून सुटलेलं नाही. बृहदीश्वराच्या मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून एक हजार रुपयांचं नाणं निघालं. नव्या संसद भवनासाठी २०२३ मध्ये पंच्याहत्तर रुपयांचं निघालं, पस्तीस ग्रॅम वजनाचं, निम्मं चांदीचं. ही नाणी दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून घ्यायची आणि कधीच खर्च करायची नाहीत. रिक्षावाल्याला पंच्याहत्तरचं नाणं देऊन पाहा. तो तुम्हाला मारुतीचं नाणं दाखवेल.

या सगळ्या खोट्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे रामटंका. चांदीचा, वाटीसारखा किंचित खोलगट, एका बाजूला सिंहासनावर राम-सीता आणि भोवती परिवार, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण घेतलेले राम-लक्ष्मण. भोवताली राम, लछमन, जानकी, हनुमान अशी नावं, शुद्धलेखनाची फारशी तमा न बाळगता. तो देवस्थानात मिळायचा, देवघरात पुजला जायचा. चलन म्हणून तो कधीच चालला नाही आणि चालावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. पुष्कळांवर १७४० हा आकडा असतो, तोही मनाचाच. पण त्यांतले काही रामटंके खरोखर दीड-दोनशे वर्षांचे आहेत, हाताने ठसा मारून पाडलेले, आणि लिलावात त्यांना चांगली किंमत येते. किंमत येते म्हटल्यावर पुढचं ओघानेच आलं. आता रामटंक्याच्या नकला निघाल्यात, साच्यात ओतलेल्या, जर्मन सिल्व्हरच्या.

म्हणजे जे नाणं कधी नाणंच नव्हतं, त्याचीही नक्कल व्हायला लागली. अभ्यासक मंडळींवर आता खऱ्या काल्पनिक नाण्याला खोट्या काल्पनिक नाण्यापासून वाचवायची जबाबदारी येऊन पडलीय, आणि ती ते अतिशय गंभीरपणे पार पाडतात. वजन करतात, कड तपासतात, अक्षरांची वळणं जुळवतात. मारुतीचा अर्धा आणाही रांगेत आहेच. आणखी शंभर वर्षांनी तोही 'एकविसाव्या शतकाच्या आरंभीचा, दुर्मीळ' म्हणून काचेच्या कपाटात जाईल आणि आमच्या काकांचे पणतू पन्नास लाख खरोखर घेतील.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर मला दोन रामटंके शेजारी शेजारी मांडलेले दिसले. एकाचे विक्रेत्याने तीनशे सांगितले, दुसऱ्याचे नऊ हजार. मी दोन्ही हातात घेऊन पाहिले.

"दोन्ही खोटेच ना?" मी विचारलं.

"खोटेच, साहेब. रामाच्या नावाने खरं तेच सांगतो. हा नवा खोटा, हा जुना खोटा."

"जुना आहे कशावरून?"

त्याने नऊ हजारांचा रामटंका बोटाच्या टोकावर तोलला, टिचकी मारून वाजवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"बिनधास्त घेऊन जा, साहेब," तो म्हणाला. "खोटा निघाला तर परत आणा."